गॉलांची चौथी पलटण, आणि तिच्यात नेमकं होतं तरी कोण?

आज थेट मुद्द्यावर येतो, कारण गोष्ट तीनशे वर्षांची आहे आणि तुमचा प्रवास बहुतेक अर्ध्या तासाचा.

इंग्लंडच्या उत्तर टोकाकडे रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेली एक भिंत आहे. इ.स. १२२ च्या सुमारास काम सुरू झालं. लांबी साधारण ११७ किलोमीटर, या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत. भिंतीच्या दक्षिणेला दीडेक किलोमीटरवर विंडोलँडा नावाचं लष्करी ठाणं होतं. तिथे इ.स. २१३ च्या सुमारास एक पलटण आली, आणि ब्रिटनमधलं रोमन राज्य संपत आलं तेव्हाही सरकारी यादीत तिचा पत्ता तोच होता. जवळपास दोनशे वर्षं एकच पत्ता! या पलटणीचं नाव 'कोहोर्स क्वार्टा गालोरुम'. आपल्या भाषेत, गॉलांची चौथी पलटण.

गॉल म्हणजे आजचा फ्रान्स, बेल्जियम आणि आसपासचा थोडा मुलूख, तिथले लोक. ॲस्टेरिक्स वाचलं असेल तर तुम्हाला ते माहीत आहेत. एक छोटंसं गाव, जादूचा काढा, आणि रोमन सैनिकांची धुलाई. मला ते कॉमिक्स प्रचंड आवडतं, पण खऱ्या इतिहासात तसं गाव कुठे उरलं नाही. इ.स.पू. ५८ ते ५० या काळात ज्युलियस सीझरने अख्खा गॉल जिंकला. इ.स.पू. ५२ मध्ये अलेसियाला वर्सिंजेटोरिक्स शरण आला, सहा वर्षं कैदेत राहिला, आणि इ.स.पू. ४६ मध्ये सीझरच्या विजययात्रेत त्याची धिंड काढून त्याला मारलं.

आणि मग त्याच गॉलांची नातवंडं-पतवंडं रोमच्या सैन्यात भरती झाली.

हे ऐकून 'गद्दार' वगैरे शब्द डोक्यात आले असतील तर जरा थांबा. त्यांना गॉल हे नाव एकत्र बांधून दिलं ते रोमनांनी. ते स्वतःला ट्रेवेरी म्हणवत, एदुई म्हणवत, लिंगोनेस म्हणवत. एकमेकांशी त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या वैर होतं. सीझरच्या सैन्यातही गॉल घोडेस्वार होतेच.

रोमन सैन्याचे ढोबळमानाने दोन भाग होते. पहिला म्हणजे लीजन. त्यात भरती व्हायला रोमन नागरिक असावं लागे. दुसरा म्हणजे ऑक्झिलिया, सहायक दलं. यात जिंकलेल्या मुलखातली, नागरिकत्व नसलेली माणसं. घोडदळाच्या तुकडीला 'आला' म्हणायचे, पायदळाच्या पलटणीला 'कोहोर्ट'. काही कोहोर्टमध्ये पायदळाबरोबर थोडे घोडेस्वारही असत. आपली चौथी पलटण त्या मिश्र प्रकारची. अशी पलटण नावाला पाचशेची. प्रत्यक्षात ४८० च्या आसपास पायदळ आणि १२० च्या आसपास घोडेस्वार, असा अभ्यासकांचा हिशोब आहे.

या माणसांना काय मिळायचं? पगार, आणि २५ वर्षं नोकरी पूर्ण केली की रोमन नागरिकत्व. स्वतःला, आणि आधी जन्मलेल्या मुलांनाही. शिवाय एका बायकोशी कायदेशीर लग्नाचा हक्क. याचा पुरावा म्हणून ब्राँझच्या दोन छोट्या पाट्या तारेने एकत्र बांधून द्यायचे, वर सात साक्षीदारांच्या मोहरा. मूळ आदेश रोममध्ये लावलेला असे, आणि हातातली पाटी म्हणजे त्याची सत्यप्रत. तलाठी कार्यालयात कागद घेऊन उभं राहिलेल्या कुणालाही ही भानगड लगेच कळेल. १७ जुलै १२२ या तारखेची अशी एक पाटी हंगेरीत सापडली आहे. ब्रिटनमधून निवृत्त झालेल्या जेमेलुस नावाच्या घोडेस्वाराची. त्या एका पाटीवर ब्रिटनमधल्या घोडदळाच्या १३ आणि ३७ कोहोर्टची नावं ओळीने दिली आहेत. म्हणजे एकाच प्रांतात पन्नास तुकड्या, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं कुठल्या ना कुठल्या जिंकलेल्या लोकांवरून.

पण पंचवीस वर्षं म्हणजे किती, याचा विचार करा. आपल्यातले बरेच जण अजून पंचवीसचेही झालेले नसतील.

इथे एक छोटं वळण घेतो, कारण नाव फार मजेशीर आहे. गॉलांच्या घोडदळाची एक तुकडी होती, 'आला इंडियाना गालोरुम'. इंडियाना! पहिल्यांदा वाचल्यावर मला वाटलं, आपलं कुणी तिथे पोचलं की काय. तसं काही नाही. हे नाव आलं ज्युलियस इंडुस या माणसावरून.

इंडुस ट्रेवेरी जमातीतला. इ.स. २१ मध्ये गॉलमध्ये उठाव झाला. कर, सावकारी कर्ज आणि अधिकाऱ्यांची मग्रुरी, ही कारणं टॅसिटस या रोमन इतिहासकाराने दिली आहेत. पुढारी दोन, ट्रेवेरींचा फ्लोरुस आणि एदुईंचा साक्रोविर. फ्लोरुसने आपल्याच जमातीतून भरती झालेल्या घोडदळाला फितवायचा प्रयत्न केला. थोडे फुटले, बहुतेक जागचे हलले नाहीत. आणि त्याच्यावर चालून कोण गेलं? त्याच्याच जमातीतला इंडुस. दोघांचं आधीपासून वैर होतं. फ्लोरुसने शेवटी आत्महत्या केली, साक्रोविरनेही. इंडुसचं नाव मात्र एका घोडदळाला चिकटलं आणि पुढे ते ब्रिटनमध्येही गेलं. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर गावी याच घोडदळातल्या डानिकुस नावाच्या स्वाराचं थडगं आहे. सोळा वर्षं नोकरी झाली होती त्याची. नऊ वर्षं बाकी होती. आणि इंडुसच्या मुलीचं, ज्युलिया पाकाटाचं नाव तर लंडनमध्ये सापडलेल्या एका मोठ्या थडग्यावर आहे. बूडिकाच्या उठावानंतर ब्रिटनचा खजिना सांभाळणाऱ्या क्लासिसियानुसची ती बायको. एका पिढीत जमातीतल्या भांडणापासून प्रांताच्या कारभारापर्यंत मजल.

खरा हादरा बसला इ.स. ६९-७० मध्ये. नीरो मेल्यावर रोममध्ये गादीसाठी मारामाऱ्या सुरू झाल्या, आणि ऱ्हाईन नदीच्या काठी बटावी लोकांनी उठाव केला. त्यांना येऊन मिळाला ज्युलियस क्लासिकुस, ट्रेवेरींच्या घोडदळाचा प्रमुख. रोमच्या पगारावरचा माणूस, आणि त्याने 'गॉलांचं साम्राज्य' जाहीर केलं! उठाव मोडला, पण रोम धडा शिकलं. त्यानंतर दोन गोष्टी हळूहळू नेहमीच्या झाल्या. एक, पलटणीला तिच्या मूळ मुलखापासून लांब ठेवायचं. दोन, तिच्यावर तिच्याच जमातीतला सरदार नेमायचा नाही, बाहेरचा आणायचा.

या जगातली आपली चौथी पलटण. एक सावधगिरीची सूचना: 'गॉलांची चौथी' या नावाच्या पलटणी साम्राज्यात एकाहून जास्त होत्या. राएटियात एक, थ्रेसकडे एक. आपण फक्त ब्रिटनमधल्या पलटणीबद्दल बोलतोय.

ब्रिटनमध्ये तिचा माग लागतो तो यॉर्कशायरमधल्या टेंपलबरो इथे, आजच्या रॉदरहॅमजवळ. ही जागा म्हणजे पोलाद कारखान्यांचा पट्टा. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१६-१७ मध्ये, कारखाना वाढवायचा म्हणून रोमन किल्ला आधी खोदून नोंदवला आणि मग त्यावर कारखाना उभा राहिला. तिथे सापडलेल्या कौलांवर पलटणीचा शिक्का आहे. पलटण स्वतःची कौलं भाजायची आणि त्यावर स्वतःचं नाव ठोकायची.

पण मला कौलांपेक्षा तिथले थडग्याचे तीन दगड जास्त बोलके वाटतात.

पहिला किंटुस्मुसचा. चौथ्या पलटणीतला शिपाई. नाव अस्सल गॉलिश, त्यात 'पहिला' या अर्थाचा शब्द आहे. बहुतेक घरातला थोरला.

दुसरा क्रोटुसचा. विंडेक्सचा मुलगा, चौथ्या पलटणीतून निवृत्त, वय ४०. २५ वर्षं वजा केली तर पोरगा पंधराव्या वर्षी भरती झाला असं निघतं. अर्थात रोमन थडग्यांवर वय अनेकदा पाच-दहाच्या पटीतच लिहिलेलं असतं, त्यामुळे एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरा. दगड उभारला त्याच्या बायकोने, फ्लाविया पेरेग्रिनाने. 'पेरेग्रिना' म्हणजे परकी, बाहेरची. तिने दगडावर नवऱ्यालाही मायाळू म्हटलंय आणि स्वतःलाही. दोघांसाठी एकच विशेषण. पंचवीस वर्षं नोकरी करून, निवृत्त होऊन हा माणूस गॉलला परत गेला नाही. तिथेच राहिला, तिथेच मेला.

तिसरा दगड एका बाईचा. वेरेकुंडा, रुफुसची मुलगी, दोबुनी जमातीची, वय ३५. दोबुनी म्हणजे ब्रिटनमधलेच लोक, सायरनसेस्टरच्या बाजूचे, टेंपलबरोपासून बरेच दक्षिणेला. दगड उभारला तिच्या नवऱ्याने, एक्सिंगुसने, स्वतःच्या पैशांनी. एक्सिंगुस हे नाव गॉलिश. तो चौथ्या पलटणीत होता असं दगडावर लिहिलेलं नाही, पण पलटणीच्या ठाण्यापाशी गॉलिश नावाचा माणूस दुसरा कोण असणार, असं मी तरी धरून चालतो. गंमत बघा, त्याने स्वतःची जमात लिहिली नाही, बायकोची लिहिली. ती इथली होती, पण या गावची नव्हती. आपल्याकडे सासुरवाशिणीच्या माहेरचा उल्लेख करतात, तसंच काहीसं.

त्या काळी नोकरीत असलेल्या शिपायाला कायद्याने लग्न करता येत नसे. तरी घरं होतीच, पोरं होतीच. २५ वर्षांनी मिळणारी ती ब्राँझची पाटी म्हणजे त्या पोरांना कायदेशीर करणारा कागद. आणि इ.स. १४० मध्ये रोमने नियम बदलला! आधी जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व मिळणं बंद. बापाला मिळेल, पोरांना नाही. वीस-बावीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला हे कळलं असेल तेव्हा बराकीत काय बोलणं झालं असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

पुढे इ.स. १४२ च्या सुमारास अँटोनिनुस पायस या सम्राटाने सीमा आणखी उत्तरेला, आजच्या स्कॉटलंडमध्ये ढकलली आणि नवी भिंत बांधली, मातीची. चौथी पलटण तिकडेही गेली. कासलहिल इथे तिच्या प्रमुखाची, क्विंटुस पिसेंटियुस युस्टुसची वेदी सापडली. रोमन लोक नवस बोलत, आणि पूर्ण झाला की दगडाची वेदी उभारून नवस फेडत. ही पद्धत मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. युस्टुसने नवस फेडला तो दोन दैवतांचा. एक म्हणजे कांपेस्त्रेस, कवायतीच्या मैदानाच्या देवी, घोडेस्वारांच्या लाडक्या. आणि दुसरी ब्रिटानिया. ब्रिटन देशाचीच देवी. परक्या मुलखात आलोय तर आधी इथल्या देवीला नमस्कार. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ती मातीची भिंत वीसेक वर्षांत सोडून दिली. पलटण पुन्हा दक्षिणेकडे. हेड्रियनच्या भिंतीवर कासलस्टेड्सला तिच्या वेद्या आहेत, भिंतीच्या उत्तरेला रायझिंगहॅमला एक सुंदर कोरीव शिलालेख आहे, दोन्हीकडे मार्स आणि विजयदेवी. हे सगळं पटकन सांगतोय कारण मला विंडोलँडाला पोचायचंय.

विंडोलँडाचं नाव काहींनी ऐकलं असेल ते लाकडी पत्रांमुळे. १९७३ पासून तिथे पातळ लाकडी पाट्यांवर शाईने लिहिलेली शेकडो पत्रं सापडली. वाढदिवसाचं आमंत्रण, रजेचे अर्ज, हिशोब. त्यातलाच एक कागद म्हणजे टुंग्री लोकांच्या पहिल्या पलटणीचा, अठरा मेचा हजेरीपट. हे टुंग्रीही गॉलच्या उत्तर भागातले. एकूण माणसं ७५२. ठाण्यावर हजर फक्त २९६. गैरहजर ४५६! त्यातले ३३७ शेजारच्या कोरिया ठाण्यावर, ४६ गव्हर्नरचे अंगरक्षक म्हणून. हजर असलेल्यांपैकी १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. शिल्लक धडधाकट २६५. सीमेवरची एक अख्खी पलटण, आणि तिथे प्रत्यक्ष उभी राहू शकणारी माणसं एवढीच.

पण ही पत्रं चौथ्या पलटणीची नाहीत. तिच्या शंभर वर्षं आधीच्या पलटणींची आहेत. ती टिकली कारण जुन्या लाकडी किल्ल्यांवर चिकणमाती आणि गवताचे थर टाकून वर नवं बांधकाम केलं गेलं. खाली पाणी मुरलेलं, हवा नाही, त्यामुळे लाकूड कुजलं नाही. गॉल राहिले सर्वांत वरच्या दगडी किल्ल्यात, कोरड्या थरात. त्यांनीही पत्रं लिहिलीच असणार, पण ती मातीत गेली. म्हणजे जे सर्वांत जास्त काळ राहिले त्यांचा आवाज आपल्याला फक्त दगडातून ऐकू येतो. आणि दगड महाग. दगडावर माणूस मनातलं लिहीत नाही, लिहायला हवं ते लिहितो.

हे बघायचं तर इ.स. २१३ चाच शिलालेख घ्या. सम्राट काराकाल्लाने २११ च्या डिसेंबरात सख्ख्या भावाला, गेटाला, मारून टाकलं. २१२ मध्ये त्याने फर्मान काढलं की साम्राज्यातले जवळपास सगळे स्वतंत्र लोक आता रोमन नागरिक. आणि २१३ मध्ये उत्तर ब्रिटनमधल्या पलटणींनी एकापाठोपाठ एक शिलालेख उभारले. मजकूर साधारण एकच: सम्राटाप्रती आमची सर्वांची निष्ठा आणि भक्ती. अशा काही दगडांवर गव्हर्नरचं नाव नंतर छिन्नीने खोडलेलं दिसतं. विंडोलँडाला चौथ्या पलटणीचा शिलालेख याच मालिकेतला. आता हिशोब करा. पंचवीस वर्षं हाडं झिजवून जे मिळायचं, ते आता बाजारातल्या भाजीवाल्यालाही फुकट मिळालं. त्याच सुमारास पलटणीने दगडावर कोरलं, आम्ही निष्ठावान आहोत. वरून आलेला मजकूर, खाली सह्या. कुणी विचारलं असेल का त्यांना?

२२३ मध्ये त्यांनी किल्ल्याचं एक प्रवेशद्वार, बुरुजांसकट, पायापासून नव्याने बांधलं. शिलालेखात पलटणीचं नाव आता आणखी लांब झालंय, 'सेवेरियाना अलेक्झांड्रियाना'. तेव्हाचा सम्राट सेवेरुस अलेक्झांडर, त्याचं नाव मागे जोडलं. बारा वर्षांनी त्याच्याच सैनिकांनी त्याला ठार केलं, ते वेगळं.

प्रमुख कोण होते? एक क्विंटुस पेट्रोनियुस उर्बिकुस, इटलीतल्या ब्रिक्सियाचा, म्हणजे आजचं ब्रेशिया. त्याने ज्युपिटर, बाकीचे सगळे अमर देव आणि स्वतःच्या सरकारी बंगल्याचा रक्षक देव, अशा सगळ्यांचा नवस 'स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी' फेडला. कुणी राहायला नको. दुसरा सुल्पिसियुस पुडेन्स. त्याची वेदी २००९ मध्ये किल्ल्याच्या तटाजवळच्या छोट्या देवळात सापडली. देव ज्युपिटर डोलिकेनुस. हा देव मूळचा डोलिकेचा, आजच्या दक्षिण तुर्कस्तानातला. बैलाच्या पाठीवर उभा, एका हातात दुधारी कुऱ्हाड, दुसऱ्यात वीज. तर नाव गॉलांचं, साहेब इटलीचा, देव तुर्कस्तानचा, आणि ठाणं इंग्लंडमध्ये.

आमच्या कोडिंगच्या धंद्यात असं होतं. जुन्या रेपॉझिटरीचं नाव तेच राहतं, पण पहिलं कोड लिहिणाऱ्यांपैकी एकही जण कंपनीत नसतो. फोल्डर उघडलं की मात्र कळतं कुणाकुणाचे हात लागलेत.

बराकीतल्या भाषेचा नमुना हवा असेल तर तोही आहे. २०२२ मध्ये तिसऱ्या शतकातला मानला जाणारा एक दगड सापडला. कुणीतरी सेकुंडिनुसचं नाव कोरून त्याला हगरा म्हटलंय, शब्द चुकीच्या स्पेलिंगने लिहिलाय आणि बाजूला लिंगाचं चित्र काढलंय. अठराशे वर्षांत वसतिगृहाच्या भिंती काही बदलल्या नाहीत. सेकुंडिनुसने काय केलं होतं कुणास ठाऊक, पण कोरणाऱ्याला राग इतका होता की त्याने दगडावर इतका वेळ घालवला.

आता जे सांगणार आहे ते हसण्यासारखं नाही.

२०१० मध्ये विंडोलँडाच्या बराकीतल्या एका खोलीत, जमिनीखाली उथळ खड्ड्यात, एका मुलाचा सांगाडा सापडला. मुलगा की मुलगी ते नक्की करता आलेलं नाही. वय दहाच्या आसपास. काळ तिसऱ्या शतकाचा मध्य, म्हणजे ठाण्यात चौथी पलटण होती तेव्हाचा.

रोमन कायद्यात आणि रिवाजात वस्तीच्या आत प्रेत पुरायला बंदी होती. थडगी वस्तीबाहेर, रस्त्याच्या कडेला. तान्ह्या बाळांच्या बाबतीत अपवाद दिसतात, पण दहा वर्षांचं मूल म्हणजे तान्हं बाळ नाही. शिवाय हे घराचं अंगण नव्हतं, शिपायांची झोपायची खोली होती. एका खोलीत साधारण आठेक माणसं राहायची. त्यांना माहीत नसताना खोलीत खड्डा खणून तो बुजवता येणं शक्य नाही. म्हणजे निदान काही जणांना माहीत होतं. आणि ते त्यावर झोपत राहिले.

डरहॅम विद्यापीठात त्या मुलाच्या दातांची तपासणी झाली. लहानपणी आपण जे पाणी पितो त्याची खूण दातांच्या इनॅमलमध्ये कायमची राहते. त्यावरून निघालं की हे मूल ब्रिटनमध्ये वाढलेलंच नाही. सातआठ वर्षांचं होईपर्यंत ते भूमध्य समुद्राच्या बाजूला, कदाचित उत्तर आफ्रिकेत होतं. म्हणजे मरण्याआधी फार तर दोनतीन वर्षं ते या थंड, ओल्या डोंगरात आलं. कुणाचं मूल? शिपायाचं, की अधिकाऱ्याच्या घरातलं, की विकत घेतलेलं? दातांवरून ते कळत नाही. क्रोटुसला दगड मिळाला, वेरेकुंडाला मिळाला. सेकुंडिनुसला शिवीचा का होईना, पण दगड मिळाला. या मुलाला तेवढाही नाही. आणि पलटणीने तेव्हा कोरलेले सगळे शिलालेख देवांचे, सम्राटांचे आणि निष्ठेचे.

म्हणून मी जेव्हा 'चौथ्या गॉल पलटणीचा इतिहास' म्हणतो, तेव्हा तो फक्त शिलालेखांवरून लिहायला मन तयार होत नाही. जी गोष्ट पलटणीने लपवली तीही तिचाच इतिहास.

आता तो शिलालेख, ज्यासाठी मघाशी ब्रिटानिया लक्षात ठेवायला सांगितलं होतं. काही वर्षांपूर्वी विंडोलँडालाच सापडला, तिसऱ्या शतकातला. मजकूर अगदी लहान. अभ्यासक तो असा वाचतात: गॉल बांधवांनी, गॉलिया देवीला, आणि एकमताने ब्रिटन लोकांनीही.

तिथे गॉलिया देवीची मूर्ती उभारली होती. गॉल देशाची देवी, ब्रिटनच्या भूमीवर! पलटण ब्रिटनमध्ये येऊन तेव्हा शंभराहून खूप जास्त वर्षं झाली होती. इतक्या काळात भरती आसपासच्या पोरांतूनच झाली असणार, आणि शिलालेखातल्या 'ब्रिटन' या शब्दाने ते उघडच केलंय. म्हणजे पलटणीत किंवा तिच्या आसऱ्याने राहणाऱ्यांत दोन गट होते: जे स्वतःला गॉल म्हणवत होते ते, आणि जे ब्रिटन होते ते. पिसेंटियुस युस्टुसने ब्रिटानियाला नमस्कार केला होता तो बाहेरून आलेला साहेब म्हणून. इथे मूर्ती उभारतायत ती माणसं, ज्यांच्यातल्या कित्येकांनी गॉल पाहिलाही नसेल. तरी त्यांना सांगायचं होतं, आम्ही गॉल.

मला अडतो तो 'एकमताने' हा शब्द. लॅटिनमध्ये 'कोंकोर्देस'. खरंच सगळे खूश असते तर ते दगडावर लिहायची गरज पडली असती का? सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त वाचा, 'सर्वानुमते मंजूर' कधी लिहितात ते आठवा. कदाचित भांडण झालं असेल. पलटणीला नाव तुमचं, मूर्तीही तुमचीच, आणि वर्गणी आमची? किंवा याच्या बरोब्बर उलट, ब्रिटन पोरांनाच त्या नावाचा अभिमान असेल. पलटणीत भरती झालो म्हणजे आम्हीही चौथे गॉलच. पलटणीचं नाव असं माणसाला चिकटतं, हे सैन्यातल्या कुणालाही विचारा. मी स्वतः दुसऱ्या बाजूला झुकतो, पण थोडासाच.

पुढच्या दीडशे वर्षांबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. इ.स. ४०० च्या आसपासची रोमन सरकारी यादी आहे, 'नोटिशिया डिग्निटाटुम', कुठे कुठली तुकडी आणि कुठला अधिकारी याची. त्यात विंडोलँडासमोर एक ओळ: गॉलांच्या चौथ्या पलटणीचा ट्रिब्यून. त्यानंतर पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमकडून ब्रिटनमध्ये पगाराची नाणी येणं थांबलं. कुणी हुकूम दिला नाही, किल्ला जाळला नाही. लोक तिथेच राहत राहिले, पडक्या भिंती दुरुस्त करत.

त्या नंतरच्या काळातला एक थडग्याचा दगड विंडोलँडाजवळ सापडला आहे. त्यावर नाव आहे ब्रिगोमाग्लोस. 'इथे पहुडला आहे', एवढंच. ना पलटण, ना जमात, ना किती वर्षं नोकरी.

तर मंडळी, आज इथेच थांबतो. 'कोंकोर्देस'बद्दल तुमचं मत काय, भांडण की अभिमान, ते मला व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.